पानावरचं आणि पारावरचं

मेंढीकोटातला एक हात मांडून बघू.

चार खेळाडू, समोरासमोरचे दोघं भिडू. ५२ पानं, प्रत्येकाला १३. दहाचं पान म्हणजे मेंढी. चारपैकी जास्त मेंढ्या ज्या जोडीकडे, डाव त्यांचा. चारही एकाच जोडीनं ओढल्या तर समोरच्यांवर कोट. आपला खेळ बंद हुकमाचा आहे. म्हणजे पहिल्या खेळाडूनं हातातलं एक पान उलटं करून बाजूला ठेवलंय. त्या पानाचा जो रंग तो हुकूम, आणि तो सध्या फक्त त्यालाच ठाऊक. ज्याच्याकडे उतारीचा रंग नाही, तो 'हुकूम खोला' म्हणू शकतो. म्हणायलाच पाहिजे असं नाही.

पहिला किलवरची मेंढी उतरवतो. भिडूकडे एक्का असेल या भरवशावर. दुसऱ्याकडे किलवर नाही. तो हुकूम खोलायला सांगत नाही, बदामाची तिरी टाकून मोकळा होतो. तिसरा किलवरचा एक्का टाकतो. भरवसा खरा ठरला. चौथ्याकडेही किलवर नाही, पण तो म्हणतो, "खोला." पान सरळ होतं. बदाम निघतो. चौथ्याकडे बदाम एकही नाही, तो चौकटची दुरी टाकतो.

हात कोणाचा?

एक्क्याचा, असं पहिला आणि तिसरा म्हणतात. तिरी पडली तेव्हा हुकूम खोललेलाच नव्हता. तेव्हा ते साधं पान होतं, फेकलेलं. आता मागं जाऊन त्याला हुकूम कसं म्हणता?

तिरीचा, असं दुसरा आणि चौथा म्हणतात. हुकूम ठेवला त्या क्षणापासून बदामच हुकूम आहे. आपल्याला तो आत्ता कळला, एवढंच. कळलं नव्हतं म्हणून नव्हता असं होतं का?

वऱ्हाडीत हेच भांडण असं चालतं:

"पान पडलं तवा हुकूम कोनाले ठाऊक होता बे?"

"ठाऊक नव्हता म्हनून काय झालं? ठेवला तवापासून तोच हुकूम हाय!"

दोन्ही बाजू खरं बोलतायत. एका मेंढीचा प्रश्न असला तरी मुद्दा खोल आहे. नियम लागू कधी होतो, तो अस्तित्वात आला तेव्हा की तो सगळ्यांना कळला तेव्हा? जगातल्या मोठमोठ्या पत्त्यांच्या खेळांनी या एका प्रश्नावर शेकडो पानं खर्च केलीत. आपण पारावर तो 'आधी ठरलं होतं का?' एवढ्या तीन-चार शब्दांत मिटवतो. कधी मिटतो, कधी डावच मोडतो.

ज्याचे पत्ते, त्याचा नियम

दर्यापूर अमरावती आणि अकोल्याच्या मधे, चंद्रभागेच्या काठावर. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. विहिरीचं पाणी खारं, म्हणून ओलित कमी. कापूस वेचून झाला, तूर-हरभरा घरात आला की उन्हाळ्यात रान मोकळं आणि माणूसही मोकळा. निंबाखाली, पारावर, ओसरीत पत्ते निघतात ते या दिवसांत. मेंढीकोट, पाच-तीन-दोन, झब्बू, बदाम सात. यातल्या एकाही खेळाचं नियमांचं पुस्तक घरात नसतं. पत्त्यांच्या डबीतही मेंढीकोटाचा कागद निघत नाही. नियम माणसांत असतात.

माणसांत असलेला नियम गावागणिक बदलतो. कुठं बंद हुकूम, कुठं कटहुकूम, म्हणजे ज्याच्याकडे उतारीचा रंग पहिल्यांदा संपला त्यानं टाकलेल्या पानाचा रंग हाच हुकूम. कुठं हुकूम खोलायला लावणाऱ्यानं हुकूमच टाकायचा अशी सक्ती, कुठं ती नाही. पाच-तीन-दोनमध्ये मागच्या डावात कमी हात झालेल्याकडून पुढच्या डावात पान ओढतात. ते हुकूम बोलायच्या आधी ओढायचं की नंतर, यावर भावाभावांत अबोला होऊ शकतो.

गावातल्या गावात हे निभतं. घोळ होतो माणसं फिरायला लागली की. लग्नघरात, हॉस्टेलवर, रेल्वेत. मूर्तिजापूर-अचलपूर नॅरोगेजवरची शकुंतला दर्यापूरला लागून असलेल्या बनोश्याला थांबायची. अशा संथ गाडीत अंजनगावचा एक, लाखपुरीचा एक आणि बनोश्याचे दोन असे चौघं पत्ते घेऊन बसले, की पहिली दहा मिनिटं नियमांचीच.

अशा वेळी निवाडा कोण करतो? ज्याचे पत्ते तो. किंवा वयानं मोठा असेल तो. किंवा ज्याचा आवाज मोठा तो. हे गोड वाटतं, पण गोडच असतं असं नाही. पार पुरुषांचा, शब्द थोरल्याचा. दहा वर्षांच्या पोरीनं "काका, मागच्या डावात तर तुम्ही उलटं सांगतलं होतं" म्हटलं, तर काका हसून "तुले काय समजते" म्हणून मेंढी उचलून नेऊ शकतात. नियम माणसांत असला की तो माणसांच्या उतरंडीसकट येतो.

म्हणून पुढचा प्रश्न. नियम पानावरच लिहिला तर?

दिवसा राम, रात्री कृष्ण

त्याआधी थोडं मागं जाऊ, कारण वेळेचा घोळ बावन्न पत्त्यांपेक्षा जुना आहे.

छापील बावन्न पत्ते घरोघरी पोचायच्या आधी आपल्याकडे गंजिफा होती. गोल पानं, हातानं रंगवलेली, लाखेनं चकाकणारी. बाबरानं १५२७ मध्ये सिंधमधल्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अबुल फजलनं आईन-इ-अकबरीत अकबराच्या गंजिफेचं वर्णन केलंय, १२ रंग आणि प्रत्येकी १२ पानं, एकूण १४४. अकबरानं वऱ्हाड घेतलं १५९६ मध्ये. त्यामुळे त्याच ग्रंथात वऱ्हाड सुभ्याचंही वर्णन आहे. एलिचपूर, म्हणजे आताचं अचलपूर, ही त्याची राजधानी. आपल्या मुलखाचा महसूल आणि बादशहाचे पत्ते एकाच पुस्तकात सापडतात.

पुढं रूढ झालेली मोगल गंजिफा ९६ पानांची. आठ रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. महाराष्ट्रात तिला चंगकांचनी म्हणत. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, १२० पानं. या खेळात दोन नियम असे आहेत की आजचा कुठलाही कार्ड गेमवाला ते ऐकून कान टवकारेल.

पहिला: सगळ्या रंगांत राजा सर्वांत मोठा, त्याखाली प्रधान. पण त्याखाली निम्म्या रंगांत दहा मोठा आणि एक लहान, तर उरलेल्या निम्म्या रंगांत एक मोठा आणि दहा सगळ्यात लहान. कुठल्या रंगात काय, हे पानावर कुठंच लिहिलेलं नसतं. मत्स्य किंवा कूर्म दिसतो, ठिपके किंवा चिन्हं मोजता येतात, पण त्यांची किंमत चढती धरायची की उतरती, हे शेजारी बसलेला सांगेल तेव्हाच कळायचं.

दुसरा: डावाची सुरुवात कोणी करायची? दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्यानं. रात्री खेळत असाल तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्यानं. मोगल गंजिफेतही दिवसाचा रंग वेगळा, रात्रीचा वेगळा.

नियम सुंदर आहे. सूर्यवंशी राम दिवसाला, चंद्रवंशी कृष्ण रात्रीला. पण त्यात एक फट आहे. दिवेलागणीला पानं वाटायला घेतली, आणि वाटून होईपर्यंत सूर्य बुडाला, तर? डाव सुरू होतो कधी, पहिलं पान वाटलं तेव्हा की पहिलं पान पडलं तेव्हा? मेंढीकोटातल्या तिरीचाच हा प्रश्न आहे, फक्त त्यात आकाश आलंय. याचं उत्तर पानावर नव्हतं. बसलेल्यांकडे होतं.

आणि बसलेले उठून गेले. एकोणिसाव्या शतकापासून छापील बावन्न पत्ते स्वस्त होत गेले, गंजिफा मागं पडली. सावंतवाडीत चितारींची परंपरा जवळपास संपत आली होती. तिथले शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यात काम सुरू करून ती पुन्हा उभी केली. मुंबईत राहिलेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी आयुष्यभर गंजिफा गोळा केल्या. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमनं १९८२ मध्ये त्यांचं गंजिफेवरचं पुस्तक काढलं. या माणसांमुळे पानं वाचली. आजही सावंतवाडीच्या राजवाड्यात चितारी रंगवताना दिसतात आणि संच विकत मिळतो.

तो संच घेऊन घरी आलेल्या दहा जणांना विचारा, डाव कसा मांडायचा. बहुतेकांकडे तो काचेच्या कपाटात आहे. पान टिकवायला लाख पुरते. नियम टिकवायला त्या पानांनी भांडणारी माणसं लागतात.

रँक १ मोठा की लहान?

नव्वदच्या दशकात दर्यापूरच्या शाळांबाहेर एक वेगळाच पत्ता आला. डब्लूडब्लूएफच्या पैलवानांची कार्डं. आधी ब्रिटनमध्ये सत्तरच्या दशकात मोटारी-विमानांची अशी कार्डं निघाली होती. आपल्याकडे हा खेळ गाजला तो अंडरटेकर आणि हल्क होगनमुळे. प्रत्येक पानावर फोटो आणि खाली आकडे. उंची, वजन, छाती, किती लढती, आणि रँक. आपण एक आकडा बोलायचा, ज्याचा मोठा त्यानं समोरच्याचं पान न्यायचं.

पत्त्यांच्या इतिहासात ही मोठी उडी होती. पहिल्यांदाच पानाची ताकद पानावर छापलेली होती. कोणाला विचारायला नको. वजन म्हटलं की योकोझुना कोणालाच ऐकायचा नाही, मग समोर मोठा भाऊ असो की वर्गातला दादा. चौथीतलं पोर सातवीतल्याला छातीठोक सांगू शकत होतं, "पानावर लिहिलंय, वाच!" पारावर ज्याचा आवाज चालत नव्हता, त्याच्या हातात आता पुरावा होता.

तरीही भांडण संपलं नाही. रँकमध्ये १ मोठा की ३०? बाकी सगळ्या रकान्यांत मोठा आकडा जिंकतो, रँकमध्ये लहान. पानावर हे लिहिलेलं नसायचं. गंजिफेतल्या उलट्या रंगांचा नियम, चारशे वर्षांनी, कुस्तीच्या पोशाखात परत आला होता. दोघांची उंची सारखी निघाली तर? काही पोरं ती दोन्ही पानं मधे ठेवायची आणि पुढचा जिंकेल त्याला द्यायची. काही म्हणायची, ज्यानं आकडा बोलला तो हरला. दोन वेगळ्या कंपन्यांचे संच एकत्र केले की एकाच पैलवानाची दोन पानं आणि दोन वजनं.

म्हणजे पानावर आकडा छापून निम्मंच काम होतं. तो आकडा कसा वाचायचा, हे अजून पारावरच ठरत होतं.

शेवटची भाकरी आधी

पोरं कार्डं जमवत होती त्याच वर्षांत, १९९३ च्या ऑगस्टमध्ये, अमेरिकेत रिचर्ड गारफिल्ड नावाच्या गणितज्ञाचा 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ बाजारात आला. यात प्रत्येक पान वेगळं काहीतरी करतं, आणि काय करतं ते त्याच पानावर वाक्यात लिहिलेलं असतं. आज या खेळात २५,००० हून जास्त वेगवेगळी पानं आहेत. प्रत्येक जण आपापली निवडून गड्डी बांधतो. खेळाचा पाया असलेला नियम असा: पुस्तकातला नियम आणि पानावरचं वाक्य भिडले, तर पान जिंकतं.

आपल्याला हे ओळखीचं वाटायला हवं. संस्कृत व्याकरणात सर्वसाधारण नियमाला उत्सर्ग म्हणतात आणि विशेष नियमाला अपवाद. अपवाद उत्सर्गाला बाजूला सारतो. आणि दोन सारख्या बळाचे नियम भिडले तर अष्टाध्यायीत जो नंतर आलाय तो लागू करायचा, हे पाणिनीनं दोन हजार वर्षांपेक्षा आधी सांगून ठेवलंय. नियम एकमेकांना भिडणार, हे त्यानं गृहीतच धरलं होतं. म्हणून भिडले तर काय करायचं याचाही नियम केला.

गारफिल्डला हे पान-पान करत शिकावं लागलं. त्यानंच सांगितलेला एक किस्सा आहे. खेळ बाजारात येण्याआधी चाचणीसाठी केलेल्या एका पानावर इंग्रजीत असं वाक्य होतं की प्रतिस्पर्धी पुढची पाळी गमावतो. इंग्रजीत त्याचा दुसराही अर्थ निघतो: प्रतिस्पर्धी पुढच्या पाळीला हरतो, खेळ खलास. एका खेळाडूनं तो दुसरा अर्थ घेतला आणि या पानानं तर सरळ जिंकताच येतं म्हणून खूश झाला. छापताना वाक्य बदललं: या पाळीनंतर तुम्ही आणखी एक पाळी घ्या. परिणाम तोच, पण आता वाक्याला दुसरा अर्थ नाही.

आणखी एक पान होतं, केऑस ऑर्ब. ते किमान फूटभर उंचीवरून टेबलावर उलटत टाकायचं, आणि ज्या-ज्या पानांना ते शिवेल ती नष्ट. अशी आख्यायिका आहे की एका बहाद्दरानं ते पान फाडून त्याचे तुकडे समोरच्याच्या पानांवर उधळले. पान शिवायला तर पाहिजे ना! हे खरं घडलं की नाही ते राहू द्या. पण खेळाच्या कंपनीनं १९९८ मध्ये चेष्टेच्या पानांचा संच काढला, त्यात खरंच फाडून उधळायचं एक पान होतं.

अर्थाचा घोळ वाक्य सुधारून मिटतो. वेळेचा घोळ तसा मिटत नाही. बघा. तुमच्याकडे एक अस्वल आहे. दोन नुकसान झालं की मरतं. समोरच्यानं त्यावर वीज टाकली, तीन नुकसान. तुमच्या हातात एक पान आहे, त्यानं अस्वलाची ताकद तीननं वाढते. ते तुम्ही लगेच टाकलं. आधी वीज पडणार की आधी अस्वल वाढणार? सुरुवातीच्या नियमांत काही पानं दुसऱ्यांपेक्षा 'वेगवान' धरलेली असायची, आणि कोण कोणाच्या मधे घुसू शकतं याची गणितं मुरलेल्या खेळाडूंनाही चक्रावून टाकायची.

१९९९ मध्ये सहाव्या आवृत्तीबरोबर ते सगळं मोडून एक साधी कल्पना आणली. भाकरीच्या चवडीसारखी. तव्यावरून उतरलेली प्रत्येक भाकरी चवडीवर ठेवायची. खायला घेताना वरची, म्हणजे शेवटी ठेवलेली, आधी उचलली जाते. पानांचंही तसंच. वीज खाली, तुमचं पान तिच्यावर. वरचं आधी लागू होतं, अस्वल वाढतं, मग वीज पडते आणि अस्वल वाचतं. पण तुम्ही घाई करून वीज यायच्या आधीच अस्वल वाढवायला गेलात, तर समोरचा त्याच्यावर वीज ठेवेल. आता वीज वर. अस्वल वाढायच्या आतच मेलं. तीच दोन पानं, फक्त क्रम बदलला.

मग आपल्या बदामाच्या तिरीचं काय? मॅजिकमध्ये २००२ पासून पान उलटं ठेवून खेळायची रीतसर सोय आहे. तिथं निवाडा स्पष्ट आहे. उलटं पान म्हणजे बिननावाचं, बिनरंगाचं, दोन ताकदीचं साधं प्राणी. खाली काय छापलंय ते पान सरळ होईपर्यंत मोजायचंच नाही. आणि सरळ झालं की तिथून पुढं मोजायचं, मागं जाऊन नाही. म्हणजे मॅजिकच्या पंचानं दर्यापूरचा हात एक्क्याला दिला असता. सोबत आणखी एक अट आहे, डाव संपल्यावर उलटी पानं समोरच्याला दाखवायची. लपवायची मुभा आहे, पण नंतर हिशेब द्यायचा.

जेव्हा आणि जर

जपानच्या यु-गि-ओ या खेळानं वेळेच्या घोळाला वेगळं वळण दिलं. हा खेळ १९९९ पासूनचा. त्यातल्या बऱ्याच पानांवर असं वाक्य असतं: हे पान नष्ट झालं की तुम्ही अमुक करू शकता. इंग्रजीत ते दोन तऱ्हांनी लिहितात. एक 'जेव्हा' लावून, एक 'जर' लावून. रोजच्या बोलण्यात आपण यात फरक करत नाही. इथं त्या फरकावर स्पर्धा हरतात.

'जर' असेल तर चिंता नाही. पान नष्ट झालं ना, मग मधे आणखी काही घडलं तरी तुमचा हक्क शाबूत. 'जेव्हा' असेल आणि पुढं 'करू शकता' असेल, तर ते पान नष्ट होणं ही घडलेली अगदी शेवटची गोष्ट असली पाहिजे. समोरच्याच्या एका पानानं आधी तुमचं पान नष्ट केलं आणि लगोलग त्याला एक पान ओढायला दिलं, तर शेवटची गोष्ट झाली 'पान ओढणं'. तुमची वेळ हुकली. बस निघून गेली, तिकीट हातात असलं तरी.

यावर इतकी भांडणं झाली की २०११ मध्ये कंपनीनं पानांवरची भाषाच नव्यानं बांधली. अपूर्णविरामाच्या आधी लिहिलेली ती अट. अर्धविरामाच्या आधी लिहिलेलं ते पान टाकतानाच द्यायचं मोल. अर्धविरामानंतरचं ते प्रत्यक्ष घडणारं. शाळेत विरामचिन्हं दोन मार्कांसाठी घोकली असतील. इथं एका अर्धविरामानं ठरतं की तुमचं पान अडवलं गेलं तरी तुम्ही दिलेलं मोल परत मिळणार की नाही. मिळत नाही. ते अर्धविरामाच्या अलीकडे होतं.

एवढं बारीक लिहूनही माणूस लागतोच. मॅजिकच्या स्पर्धेत कोणीही हात वर करून पंचाला बोलावू शकतं. नियमपुस्तक शेकडो पानांचं. शिवाय गंमत अशी की जुन्या पानावर छापलेलं वाक्य आज अखेरचं मानत नाहीत. प्रत्येक पानाचं चालू, अधिकृत वाक्य वेगळं नोंदवून ठेवलेलं असतं, आणि वाद झाला तर तेच चालतं. "पानावर लिहिलंय, वाच!" म्हणणाऱ्या पोराला आता पंच सांगतो, "लिहिलंय ते जुनं आहे." पण यात आणि पारावरच्या काकांत एक फरक आहे. पंचाला कारण द्यावं लागतं, कुठलं कलम ते सांगावं लागतं, आणि मोठ्या स्पर्धेत त्याच्या निवाड्यावर मुख्य पंचाकडे दाद मागता येते. दहा वर्षांच्या पोरीलाही.

अ‍ॅप भांडत नाही

आता हे सगळं फोनमध्ये आलंय. मॅजिकचं अ‍ॅप आहे, २०२४ मध्ये पोकेमॉनच्या कार्डांचंही खिशातलं अ‍ॅप आलं, मेंढीकोटाची तर कितीतरी. अ‍ॅपमध्ये तुम्ही चुकीचं पान टाकूच शकत नाही, ते उचललंच जात नाही. पाळी कोणाची ते चमकतं. चवड कशी रचली तेही दिसतं. कोणी आवाज चढवून मेंढी नेऊ शकत नाही. घरात ज्यांना कोणी खेळात घेत नव्हतं त्यांना अनोळखी माणसाशी बरोबरीनं खेळता येतं. याला कमी लेखू नये.

पण बंद हुकमाचा आपला हात अ‍ॅपमध्ये खेळून बघा. एक्का जिंकेल किंवा तिरी जिंकेल. कोणीतरी, कुठल्यातरी कचेरीत बसून, हा प्रश्न आधीच सोडवून ठेवलाय. कदाचित विचार करून, कदाचित नकळत. का, असं विचारायची सोय नाही. त्याच्या गावात तसं खेळत असतील, पण ते गाव कुठलं? हजारो पोरं तोच मेंढीकोट खरा समजून शिकतील. लाखपुरीचा, अंजनगावचा, तुमच्या आजोळचा मेंढीकोट मग 'चुकीचा' ठरेल. गंजिफा संपली ती बावन्न पानांनी. मेंढीकोटाचे हे चुलत-मावस प्रकार संपतील ते एका अपडेटनं, आणि कोणी मारामारीही करणार नाही.

यावर उपाय अ‍ॅप काढून टाकणं हा नाही. पारावर परत जाणं हाही नाही, कारण पारानं सगळ्यांना कधी बसूच दिलं नव्हतं. मॅजिकवाल्यांकडून आणि पाणिनीकडून घेण्यासारखी गोष्ट एकच आहे. भांडण होणार हे गृहीत धरायचं, आणि ते कसं मिटवायचं हे पानं वाटायच्या आधी ठरवायचं. मेंढीकोटापुरते तीन प्रश्न पुरतात. हुकूम ठेवल्यापासून की खोलल्यापासून? खोलायला लावणाऱ्यावर हुकूम टाकायची सक्ती आहे का? आणि वाद झालाच तर शेवटचा शब्द कोणाचा, आणि त्यानं कारण सांगायचं की नाही? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. तो नुसता विचारला तरी ज्याचे पत्ते त्याचा नियम ही पद्धत ढिली पडते.

आणि या उन्हाळ्यात घरी गेलात तर ज्यांच्याकडून मेंढीकोट शिकलात त्यांना समोर बसवून त्यांचे नियम विचारा, फोनवर रेकॉर्ड करा. मेंढीकोट म्हणजे काय ते सगळे सांगतील. तुम्ही मात्र घोळाच्या जागा विचारा, हुकूम खोलायची, पान ओढायची, दोघांचं सारखं निघालं तर काय करायचं त्याची. आजी आणि मावशी वेगळी उत्तरं देतील. ती दोन्ही लिहून ठेवा, आणि कुठलं कुठल्या गावचं तेही. त्या दोघी एकमेकींना चूक ठरवायला लागल्या तर थांबवू नका. रेकॉर्डिंग चालू ठेवा.